भारत आणि श्रीमंत देश: औद्योगिक उत्पादनाची तुलना कशी करायची, कोणत्या क्रमाने

‘भारताचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक १४६.७, श्रीमंत देशांचा अजून शंभरीच्या आसपास, म्हणजे आपण दीडपट पुढे.’ असं वाक्य असलेले आलेख सतत फिरत असतात. त्यातले दोन्ही आकडे खरे असू शकतात, तरी निष्कर्ष चूक आहे. भारताचा आकडा २०११-१२ सालाला १०० धरून काढलेला असतो आणि ओईसीडीचा (बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेचा) २०१५ सालाला. शिवाय निर्देशांक वेग सांगतो, आकार सांगत नाही. इथे बहुतेक चुका हिशेबात होत नाहीत, हिशेबाआधीच्या तयारीत होतात. म्हणून खालचा अर्ध्याहून अधिक मजकूर तयारीवरच आहे.

साधनं फार लागत नाहीत: एक्सेल किंवा तसलंच स्प्रेडशीट, इंटरनेट आणि एक मोकळी दुपार. हंगामी दुरुस्ती (दरवर्षी ठरावीक महिन्यांत येणारे चढउतार काढून टाकणं) स्वतः करायची असेल तर ‘आर’ ही संगणकभाषा लागेल, पण तिच्याशिवायही काम निभतं.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा

‘तुलना करायची आहे’ हा प्रश्न नव्हे. पुढच्यापैकी एक निवडा:

- वेग: अमुक काळात कोणाचं उत्पादन किती टक्के वाढलं? यासाठी निर्देशांक लागतो.
- आकार: कोण किती डॉलरचं मूल्यवर्धन करतं? यासाठी राष्ट्रीय लेख्यांमधलं (देशाच्या उत्पन्नाच्या सरकारी हिशेबातलं) मूल्यवर्धन लागतं, म्हणजे मालाच्या किमतीतून कच्च्या मालासारखा खर्च वजा करून उरतं ते.
- वाटा: अर्थव्यवस्थेत कारखानदारीचं स्थान किती? यासाठी मूल्यवर्धन आणि जीडीपी दोन्ही लागतात.

एका आलेखात यातल्या दोघांची खिचडी करू नका. लहान आकाराचा वेगवान देश आणि मोठ्या आकाराचा संथ गट यांत गफलत कशी होते ते पाहा. समजा एकाचं उत्पादन १०० आहे आणि ते ५ टक्के वाढलं, तर भर पडली ५ ची. दुसऱ्याचं १५०० आहे आणि ते फक्त १ टक्का वाढलं, तरी भर पडली १५ ची. पहिला वेगात जिंकला आणि अंतर मात्र वाढलं. दोन्ही विधानं खरी आहेत. तुम्हाला कोणतं सांगायचं आहे ते आधी ठरवा.

## टप्पा २: ‘श्रीमंत देश’ म्हणजे नक्की कोण?

इथे दोन गट हाताशी असतात आणि लोक ते एकच समजतात.

ओईसीडी: ३८ सदस्य. यात मेक्सिको, कोलंबिया, तुर्कस्तान आहेत, ज्यांना श्रीमंत म्हणणं कठीण. उलट सिंगापूर, तैवान, सौदी अरेबिया, कतार यात नाहीत. मासिक निर्देशांक हवा असेल तर मात्र हाच गट सोयीचा, कारण गटाचा एकत्रित निर्देशांक तयार मिळतो.

वर्ल्ड बँकेचा ‘हाय इन्कम’ गट: दरडोई उत्पन्नावर ठरतो. वार्षिक आकडे आणि डॉलरमधला आकार हवा असेल तर हा बरा. पण याची यादी दरवर्षी १ जुलैला बदलते आणि नवी यादी मागच्या सगळ्या वर्षांनाही लागू होते. जुलै २०२४ मध्ये रशिया या गटात आला. त्यामुळे त्याआधी उतरवून ठेवलेल्या फाइलमधली १९९५ सालची गटाची बेरीज आणि आजच्या फाइलमधली बेरीज जुळणार नाही. आकडे ‘सुधारले’ नाहीत, माणसं बदलली आहेत.

इशारा: आखाती देश गटात असतील तर ‘उद्योग’ या शब्दात तेलउत्खनन मोठ्या प्रमाणात येतं. कारखानदारीची तुलना करायची असेल तर फक्त ‘मॅन्युफॅक्चरिंग’ची मालिका घ्या.

आणखी एक तपासणी: ज्या देशाची तुलना करताय तो गटातच नाही ना? भारत ओईसीडीचा सदस्य नाही आणि हाय इन्कमही नाही, म्हणून अडचण नाही. पण हीच रीत अमेरिकेला लावलीत तर तुम्ही भागाची तुलना संपूर्णाशी करत असता. तेव्हा आधी अमेरिका गटातून वजा करा. समजा गटाची वाढ १ टक्का, अमेरिकेचा भारांक (गटाच्या निर्देशांकातलं वजन) ३० टक्के आणि तिची वाढ २ टक्के. मग उरलेल्यांची वाढ (१ − ०.३ × २) ÷ ०.७, म्हणजे सुमारे ०.५७ टक्के. १ विरुद्ध २ असं दिसणारं चित्र खरं तर ०.५७ विरुद्ध २ असं आहे.

## टप्पा ३: मालिकांची व्याप्ती जुळवा

हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

भारताच्या २०११-१२ मालिकेत तीनच क्षेत्रं आहेत: खाणकाम (भारांक १४.३७३), कारखानदारी (७७.६३३) आणि वीज (७.९९४). बांधकाम नाही, पाणीपुरवठा नाही. ओईसीडीच्या बाजूला नावात ‘बांधकाम वगळून’ असं स्पष्ट असलेली मालिका घ्या.

वर्ल्ड बँकेच्या ‘इंडस्ट्री’ या सदरात मात्र बांधकाम धरलेलं असतं. एका देशाचा निर्देशांक बांधकामाविना आणि दुसऱ्याचं मूल्यवर्धन बांधकामासह, अशी जोडी लावली की ज्या वर्षी घरबांधणी थंडावते त्या वर्षी कारखाने बुडाल्याचा भास होतो.

त्यातल्या त्यात निर्धोक जोडी म्हणजे कारखानदारी विरुद्ध कारखानदारी. वीज आणि गॅस हवामानावर हलतात. युरोपात हिवाळा सौम्य गेला की गॅसची मागणी घटते आणि एकूण निर्देशांक खाली येतो. त्याचा कारखान्यांशी संबंध नसतो.

आयआयपीच्या (भारताच्या औद्योगिक उत्पादन निर्देशांकाच्या) तिन्ही क्षेत्रांचे आकडे वेगवेगळे मिळतात, म्हणून हे करणं अवघड नाही. आळस एवढीच अडचण.

इशारा: आयआयपीसाठी माहिती ठरावीक नोंदणीकृत कारखान्यांकडून येते. दोन लेथ मशिनवर चालणारं भोसरीतलं वर्कशॉप त्यात नसतं. राष्ट्रीय लेख्यांमधल्या मूल्यवर्धनात मात्र असंघटित क्षेत्राचाही अंदाज असतो. त्यामुळे एकाच वर्षी आयआयपी एक वाढ सांगतो आणि मूल्यवर्धन दुसरी. यात कोणी खोटं बोलत नाही. फक्त दोन्हींना एकाच ओळीत बसवू नका.

## टप्पा ४: आकडे उतरवा आणि फाइल साफ करा

१. भारताचे मासिक आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून घ्या. २०११-१२ आधाराची मालिका एप्रिल २०१२ पासून सुरू होते.

२. ओईसीडीचे आकडे त्यांच्याच डेटा एक्सप्लोररमधून घ्या. ‘फ्रेड’ या अमेरिकी संकेतस्थळावरही ओईसीडीच्या मालिका मिळतात, पण त्यातल्या काही मध्येच थांबलेल्या आहेत. शेवटच्या नोंदीची तारीख बघितल्याशिवाय तिथली मालिका घेऊ नका.

३. मूळ फाइल तशीच ठेवा, हात लावायचा तो प्रतीत. नावात उतरवल्याची तारीख घाला.

४. तारखा तपासा. ‘एप्रिल-१२’ अशा अर्थाची इंग्रजी नोंद एक्सेल बऱ्याचदा ‘चालू वर्षाची १२ एप्रिल’ म्हणून वाचतं. आलेखात सगळे महिने एकाच वर्षात गोळा झालेले दिसले तर हेच झालेलं असतं. उपाय: तारखेचा रकाना स्वतः पहिल्या तारखेपासून भरा आणि खाली ओढा.

५. वर्ल्ड बँकेच्या फाइलमध्ये वर्षं आडवी असतात आणि नसलेल्या आकड्याच्या जागी दोन टिंबं असतात. ती शून्य धरली जाऊ नयेत म्हणून आधी रिकामी करा.

तपासा: भारताच्या फाइलमधले एप्रिल ते मार्च असे बारा महिने घेऊन सरासरी काढा. २०१८-१९ साठी सर्वसाधारण निर्देशांक १३०.१ आणि २०२३-२४ साठी १४६.७ आला पाहिजे. नाही आला तर एखादी ओळ सरकली आहे किंवा चुकीचा रकाना उचलला आहे.

## टप्पा ५: जुनी मालिका जोडायची असेल तर

२०१२ च्या मागे जायचं नसेल तर हा टप्पा सोडा.

जायचं असेल तर २००४-०५ आधाराची मालिका घ्यावी लागेल. तिच्यात २०११-१२ ची सरासरी १७०.३ होती. नव्या मालिकेत तीच १०० आहे. म्हणून जोडगुणक १.७०३. जुन्या आकड्यांना याने भागा: २०१०-११ चा १६५.५ होतो ९७.२. ज्या वर्षांपासून नवी मालिका मिळते तिथून जुनी टाकून द्या.

दोन मालिका एकमेकींशी किती भांडतात याचा नमुना: २०१३-१४ ची वाढ जुन्या मालिकेत उणे ०.१ टक्का होती, मे २०१७ मध्ये आलेल्या नव्या मालिकेत ती ३.३ टक्के झाली. वस्तू बदलल्या, कारखाने बदलले, भारांक बदलले. म्हणून ‘त्या वर्षी उद्योग आक्रसले’ असं जुन्या लेखातून उचलून नव्या आलेखाला जोडू नका.

प्रत्येक उपक्षेत्राचा जोडगुणक वेगळा असतो. सर्वसाधारण निर्देशांकाचा १.७०३ कारखानदारीला लावू नका. सांख्यिकी मंत्रालयाने पुढच्या मालिकेसाठी २०२२-२३ हे आधारवर्ष ठरवलं आहे. तिचे आकडे जोडतानाही रीत हीच. या लेखातले सगळे आकडे २०११-१२ च्या मालिकेतले आहेत.

## टप्पा ६: हंगाम आणि दिवाळी

ओईसीडीचे ठळकपणे छापले जाणारे आकडे हंगामी चढउतार काढून टाकलेले असतात. भारताच्या २०११-१२ मालिकेचे आकडे तसे नसतात. मार्चमध्ये वर्षअखेरची उद्दिष्टं गाठायची घाई असते, म्हणून निर्देशांक उसळतो आणि एप्रिलमध्ये पडतो. हे दोन्ही एका आलेखात टाकले की भारताची रेष करवतीच्या दात्यांसारखी आणि श्रीमंतांची इस्त्री केलेली दिसते. त्यावरून ‘भारतात अस्थिरता जास्त’ असं कुणी लिहिलं, तर त्याने कच्च्या आणि प्रक्रिया केलेल्या आकड्यांची तुलना केली, इतकंच.

दिवाळीचा प्रश्न वेगळाच. ती कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होती, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. परिणाम: ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे ४ टक्के घट, ऑक्टोबर २०२३ मध्ये ११ टक्क्यांहून जास्त वाढ आणि लगेच नोव्हेंबर २०२३ मध्ये जेमतेम अडीच टक्के. कारखान्यांच्या सुट्ट्या एका महिन्यातून दुसऱ्यात गेल्या, बाकी फार काही घडलं नाही.

उपाय, सोप्यापासून अवघडापर्यंत:

- ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरा आणि मागच्या वर्षीच्या त्याच जोडीशी ताडून बघा.
- बारा महिन्यांची चालती सरासरी काढा. दोन्ही मालिकांची काढा, फक्त भारताची नको.
- ओईसीडी भारतासाठीही हंगामी दुरुस्ती केलेली मालिका देते. ती घ्या.
- ‘आर’मध्ये ‘सीझनल’ पॅकेजमधून एक्स-१३ हा हंगामी दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा, पण दिवाळीच्या तारखांचा वेगळा रकाना स्वतः तयार करून द्या. एक्स-१३ मध्ये ईस्टरची सोय तयार असते, दिवाळीची नसते. तो रकाना न देता केलेली दुरुस्ती म्हणजे अर्धी दाढी.

क्रम चुकवू नका. आधी मालिका जोडा, मग हंगामी दुरुस्ती, मग आधार बदला. जोडाच्या ठिकाणी फट असताना दुरुस्ती केली तर ती फटच हंगाम म्हणून वाचली जाते.

## टप्पा ७: दोघांना एकच आधार द्या

सूत्र साधं: त्या महिन्याचा निर्देशांक ÷ निवडलेल्या आधारकाळाची सरासरी × १००. एक्सेलमध्ये सरासरीची सेल एफ४ दाबून लॉक करा, नाहीतर सूत्र खाली ओढताना ती सरकत जाते आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही.

खरी मेख आधार निवडण्यात आहे. भारताचा २०२३-२४ चा आकडा १४६.७ घ्या.

आधार २०१८-१९ (१३०.१) धरला, तर १४६.७ होतो ११२.८.
आधार २०२०-२१ (११८.१) धरला, तर तोच होतो १२४.२.

एकाच आकड्यावरून एक जण म्हणेल १३ टक्के वाढ, दुसरा म्हणेल २४. दुसऱ्याने कोविडचा खड्डा पाया म्हणून घेतला आहे. श्रीमंत देशांचा खड्डा आणि आपला खड्डा सारख्या खोलीचा नव्हता, त्यामुळे खड्ड्यापासून मोजलं की ज्याचा खड्डा खोल तो जिंकतो. आधार म्हणून कधीच एक महिना घेऊ नका, आणि २०२० च्या आसपासचं वर्ष तर नकोच. कॅलेंडर वर्ष २०१९ ची बारा महिन्यांची सरासरी दोन्हींसाठी चालते.

तपासा: आधार बदलल्यावर आधारकाळातल्या बारा महिन्यांची सरासरी बरोबर १०० येते का? दोन्ही मालिकांची बघा.

वर्षाचा घोळ: भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, ओईसीडीचं जानेवारी ते डिसेंबर. मासिक आकडे असतील तर भारताचंही कॅलेंडर वर्ष स्वतः बनवा. वर्ल्ड बँकेच्या तक्त्यात ‘२०२३’ खाली भारताचा आकडा २०२३-२४ चा असतो, हे लक्षात ठेवा. एरवी तीन महिन्यांचा फरक फार बोचत नाही, पण २०२० च्या आसपास तो सगळं चित्र फिरवतो: टाळेबंदीचा एप्रिल २०२० ज्या वर्षात पडेल ते वर्ष बुडतं.

## टप्पा ८: वाढ काढा

वृत्तसंस्था भारताची वाढ मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून देतात. अमेरिकेच्या बातमीत बहुधा आधीच्या महिन्याशी तुलना असते. ‘भारत ५ टक्के, अमेरिका ०.३ टक्के’ अशी जोडी दिसली की आधी हे बघा. एक वर्षाचं आणि दुसरं एका महिन्याचं असू शकतं.

दीर्घ काळासाठी चक्रवाढ दर काढा: (शेवटचा ÷ पहिला) याला (१ ÷ वर्षांची संख्या) हा घातांक लावा आणि त्यातून १ वजा करा. भारतासाठी करून पाहा. २०१२-१३ (१०३.३) ते २०१८-१९ (१३०.१) या सहा वर्षांत दर येतो ३.९ टक्के. २०१८-१९ ते २०२३-२४ या पाच वर्षांत २.४ टक्के. वार्षिक वाढीच्या टक्क्यांची साधी सरासरी काढू नका. उणे ८.४ आणि त्यानंतरचे अधिक ११.४ अशी वर्षं मध्ये असली की ती फसवते.

एप्रिल २०२१ ची वाढ सुमारे १३४ टक्के आहे. ती आलेखात ठेवली तर बाकीची सगळी दहा वर्षं तळाशी चिकटलेली दिसतात. ती दडवू नका. वाढीऐवजी पातळीचा आलेख काढा, म्हणजे प्रश्नच मिटतो. कालावधी पंधरा-वीस वर्षांचा असेल तर उभ्या अक्षाला लॉग मोजपट्टी लावा. तिच्यावर सारखा चढ म्हणजे सारखा टक्केवारी वेग.

## टप्पा ९: आकाराची तुलना, वेगळ्या तक्त्यात

इथे निर्देशांक बाजूला ठेवा आणि वर्ल्ड बँकेची कारखानदारीच्या मूल्यवर्धनाची मालिका घ्या. ती चालू डॉलरमध्ये आणि २०१५ च्या स्थिर डॉलरमध्ये मिळते. एका वर्षाचा आकार सांगायचा तर चालू डॉलर. काळानुसार बदल सांगायचा तर स्थिर डॉलरच. चालू डॉलरमध्ये रुपयाची घसरण मिसळते: २०१३ मध्ये डॉलर साठच्या आसपास होता, २०२३ मध्ये ऐंशीच्या पुढे.

क्रयशक्ती समानतेचा डॉलर (देशांमधला किमतींचा फरक धरून काढलेला) इथे टाळा. तो संपूर्ण जीडीपीच्या किमतींवरून ठरतो. भारतात केशकर्तन आणि घरभाडं स्वस्त, म्हणून तो भारताला फुगवतो. पोलाद आणि मोटारीचे सुटे भाग इथे तेवढ्या पटीने स्वस्त नसतात.

एककं सांभाळा. बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. २०२३ साली भारताच्या कारखानदारीचं मूल्यवर्धन ४५ हजार कोटी डॉलरच्या आसपास, एकट्या अमेरिकेचं अडीच लाख कोटींहून जास्त. तुमच्या तक्त्यात भारत अमेरिकेच्या पुढे दिसला तर शून्यं मोजा.

वाट्याबाबत: वर्ल्ड बँक भारतात कारखानदारीचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास दाखवते, आणि भाषणांतून १७ टक्के ऐकू येतात. पहिला चालू किमतींच्या जीडीपीशी काढलेला, दुसरा २०११-१२ च्या स्थिर किमतींच्या ढोबळ मूल्यवर्धनाशी. श्रीमंत गटाचा वाटा ज्या छेदाने काढलाय त्याच छेदाचा भारताचा आकडा घ्या.

## टप्पा १०: छापण्याआधी

विचित्र उसळी दिसली तर देशनिहाय उघडून बघा. आयर्लंड हा नेहमीचा संशयित. २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी मालमत्ता तिथे नोंदवल्याने त्याचा जीडीपी कागदावर २५ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि औद्योगिक आकडाही उडाला. अजूनही तिथल्या मासिक उड्या युरो विभागाच्या आकड्याला हलवतात. शंका असेल तर आयर्लंडविना आलेख काढून दोन्ही शेजारी ठेवा.

भारांकांतला फरक मिटवता येत नाही, तो नोंदवायचा असतो. आयआयपीची ही मालिका २०११-१२ च्या भारांकांवर गोठलेली आहे, अमेरिकेच्या निर्देशांकात भारांक दरवर्षी नव्याने लागतात. दरम्यान वाढलेल्या उद्योगांना आपल्या निर्देशांकात जुनीच जागा मिळते.

ताजे दोन-तीन महिने तुटक रेषेने काढा. ते बदलतात. एप्रिल २०२० ची घट आधी ५५.५ टक्के जाहीर झाली होती, नंतरच्या सुधारणेत ती ५७ च्या पुढे गेली.

आणि आलेखाखाली एवढी ओळ हवी: ‘फक्त कारखानदारी; ओईसीडी ३८ देश; दोन्ही मालिका हंगामी दुरुस्तीसह; कॅलेंडर २०१९ = १००; आकडे अमुक तारखेला उतरवले.’ यातला एखादा तुकडा लिहिता आला नाही, तर त्या टप्प्यावर परत जा.